अर्ध्या वकिलाचा गाऊन

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाई ती कधीच चढल्या नाहीत. त्यांनी पायरीसमोर दुकान थाटलं. वेडे आत जात राहिले आणि जाताना बाईंकडून गाऊन शिवून घेत राहिले.

दुकान म्हणायचं ते मालकिणीला बरं वाटावं म्हणून. एरवी ती कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाला आणि चहावाला यांच्यामधली एक फट होती. त्या फटीत शिलाईचं मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि स्वतः बाई एवढं बरोबर मावायचं. गिऱ्हाईक आलं की यांपैकी काहीतरी बाहेर काढावं लागे. आरसा काढता येत नसे, मशीन जड होतं आणि बाई हलत नसत. त्यामुळे बहुतेक वेळा त्यांच्या मुलीचं स्टूल रस्त्यावर जाई.

बाई वकिलांचे काळे गाऊन शिवत. दुसरं काही नाही. कुणी चुकून पँट घेऊन आलं तर चष्म्यावरून बघून म्हणत, "पँट सगळं जग घालतं. जा, जगात शिवून घ्या." मोठमोठे वकील, ज्यांच्यापुढे गावातली माणसं हात जोडत, ते या फटीत येऊन निमूट हात वर करत. भल्याभल्यांना हात वर करायला लावणारी त्या आवारात ही एकच बाई होती, आणि याचा तिला थोडा गर्व होता. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. बाईंच्या शिवणीत माया भरपूर असे. बोलण्यात शोधू नये.

मापाला उभ्या राहिलेल्या माणसाचं एक असतं. हात पसरलेले असले की तोंड आपोआप सुटतं. वकिलांचं तर आधीपासूनच सुटलेलं असतं. बाई टेप लावत, वकील बोलत, आणि त्यांच्या पायाशी बसून मुलगी गाऊनची खालची दुमड टाचण्यांनी पक्की करी. ती अंगानं बारीक, आणि तोंडात कायम चार-सहा टाचण्या धरलेल्या. म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीच म्हणे. कॉलेज संपवून ती आईच्या हाताखाली आली होती. तोंडात टाचण्या असल्यावर बोलता येत नाही. लोकांनी निष्कर्ष काढला की मुलगी अबोल आहे. वकील असूनही दुसरी शक्यता कुणाच्या डोक्यात आली नाही.

बाईंचा एक नियम होता. परीक्षा पास झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय कुणाचंही माप घ्यायचं नाही. नवीन गिऱ्हाइकांना हा अपमान वाटे. जुन्यांना कारण माहीत होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. बाई नवीन होत्या तेव्हा कायद्याची पोरं पहिल्या वर्षालाच गुडघ्याला बाशिंग बांधून येत, झोकात माप देत, आरशात छाती फुगवून बघत, आणि नंतर कुणी नापास होई, कुणी मामाच्या टायरच्या धंद्यात जाई, कुणी नुसतंच गायब. गाऊन खिळ्यावर राहत. पुढे बाईंनी एकेक गाऊन उसवून त्यांचे खिसे केले, ठिगळं केली, अस्तरं केली. शेवटच्या खिळ्यावरचा तेवढा राहिला.

तो त्यांच्या नवऱ्याचा होता.

म्हणजे तेव्हा नवरा नव्हता, गिऱ्हाईक होता. दोन वर्षं कायदा शिकलेला, तिसऱ्याला बसायच्या बेतात असलेला, आणि माप देताना इतकं बोललेला की बाईंनी खांद्याचं माप तीनदा घेतलं. मग परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला ताप आला. पुढच्या वेळी पोट बिघडलं. त्यापुढच्या वेळी त्याला विमा कंपनीत चिकटवून घेतलं, आणि मग प्रकृती कायमची सुधारली. गाऊन न्यायला तो आलाच नाही. शिवणारीला मात्र घेऊन गेला.

गल्लीत त्यांना अर्धे वकील म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्यांना आवडे. गेली कित्येक वर्षं त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "मी वकील झालो असतो ना, तर—" आणि त्यापुढे त्या दिवशी जे काही बिघडलं असेल ते. नळाला पाणी आलं नाही, मी वकील झालो असतो तर. बस चुकली, मी वकील झालो असतो तर. एकदा दूध उतू गेलं तेव्हाही म्हणाले. बाईंनी विचारलं होतं, "मग काय, दुधावर स्थगिती आणली असतीत?"

त्या गाऊनला दर वर्षी ऊन दाखवलं जाई, इस्त्री केली जाई, आणि तो परत खिळ्यावर जाई. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर "कसर लागू नये म्हणून" हे उत्तर तयार होतं.

तर अशा घरात टाचणीनं एका सकाळी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तोंडातल्या टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचल्या आणि म्हणाली, "आई, मला लॉ कॉलेजात प्रवेश मिळालाय. शनिवारपर्यंत हो म्हणून यायचंय."

बाईंचं मशीन चालू होतं. ते तसंच पुढे गेलं आणि एका बाहीचं तोंड शिवून बंद करून थांबलं.

"कुणाला मिळालाय?"

"मला."

"परीक्षा असते ना त्याला?"

"दिली."

"कधी?"

"मी दोरा आणायला गेले होते ना, त्या दिवशी."

बाईंना तो दिवस चांगला आठवत होता. काळा दोरा आणायला गेलेली मुलगी अर्धा दिवस घालवून आली होती, गाल लाल, डोळे चमकत, आणि दोरा विसरून. बाईंनी त्यावरून जो अर्थ काढायचा तो काढला होता. आठवडाभर त्या मुलगा कोण, करतो काय, घरी कोण कोण आहे, याचा मनातल्या मनात तपास करत होत्या. एका रात्रीत त्यांनी त्याला होकारही देऊन टाकला होता.

"मला वाटलं, तू प्रेमात बिमात पडलीस."

"नाही गं."

"पडली असतीस तर बरं झालं असतं," बाई बाही उसवत म्हणाल्या. "त्यातून माणूस बाहेर तरी येतो. या कायद्यात तुझा बाप अजून अडकलाय. आत नाही, बाहेर नाही, दारात."

"मी बाबांसारखी नाहीये."

"तेही असंच म्हणायचे. मापाला उभे होते तेव्हा."

अर्ध्या वकिलांना दुपारच्या सुट्टीत बातमी कळली, आणि त्या क्षणापासून ते पाऊण वकील झाले. विमा कंपनी दोन चौक पलीकडे होती. ते रोज डबा खायला दुकानात येत, म्हणजे दुकानाबाहेर स्टुलावर बसत. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

"पोरी, सगळ्यात आधी करारांचा कायदा पक्का कर. मी सांगतो. दोन वर्षं केलंय मी. मी वकील झालो असतो ना—"

"तर तिला विमा कंपनीत चिकटवायला तुम्ही मागच्या महिन्यात साहेबांच्या पाया पडला नसतात," बाई म्हणाल्या. "पडलात का नाही? जागा ठेवलीय म्हणालेत का नाही ते?"

"ठेवलीय गं. पण आता घराण्यात वकील होतोय—"

"कुठल्या घराण्यात? तुमचं घराणं अर्ध्यावर उतरलं, माझ्या घराण्यात सगळे शिंपी. खिळ्यांचं घराणं आपलं."

अर्धे वकील मांडीवरचा बंद डबा न्याहाळू लागले. टाचणीनं त्यांचा डबा उघडून त्यांच्या हातात दिला.

आता बाईंना भीती कशाची होती, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी वकिलांवर तासभर तोंडसुख घेतलं असतं. गाऊनचे खिसे आधी फाटतात कारण वकिलाचा हात सारखा तिथेच असतो, हे त्यांचं आवडतं शास्त्र होतं. पण खरी भीती साधी होती. मुलगी भाजीवाल्याकडे सुटे मागायला लाजते. बसमध्ये पायावर पाय पडला तर तीच सॉरी म्हणते. ही कोर्टात उभी राहून काय बोलणार? वर्षभर जाईल, रडून परत येईल, आणि मग आयुष्यभर घरात दोन माणसं सुस्कारे टाकतील, "मी वकील झालो असतो तर", "मी वकील झाले असते तर." एकाचं ऐकायला बाई समर्थ होत्या. दोन आवाजांत नको होतं.

म्हणून त्यांनी त्यांना सुचला तो उपाय केला. वकील केला.

घेरसाहेब त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. हे नाव मायलेकींनी ठेवलेलं. त्यांच्यासमोर अर्थातच "साहेब". त्यांना गाऊनला घेर लागे. पाठीमागच्या चुण्या इतरांपेक्षा दुप्पट. बोलता बोलता गर्रकन वळलं की गाऊन एक क्षण उशिरा वळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. "बाई, निम्मा युक्तिवाद तिथे होतो," ते म्हणत. उरलेला निम्मा कुठे होतो, हे बाईंनी कधी विचारलं नाही. त्यांचा नवा गाऊन पायात येत होता, तो शुक्रवारी दुपारी बोटभर वर घ्यायचा होता.

गुरुवारी बाई चहावाल्यासमोर त्यांना गाठून म्हणाल्या, "साहेब, उद्या मापाला याल तेव्हा आमच्या पोरीला या वकिलीबद्दल चार शब्द सांगा."

घेरसाहेबांनी कप खाली ठेवला. "कोणत्या बाजूनं?"

"म्हणजे?"

"बाजूनं की विरोधात?"

"विरोधात हो. तिनं जाऊ नये असं बोला."

"झालं तर मग. बाजू कळली की पुढचं काही अवघड नसतं."

बाईंना त्या रात्री शांत झोप लागली. वकील केल्यावर पहिल्या रात्री सगळ्यांनाच लागते.

शुक्रवारी घेरसाहेब आले ते थेट उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर चढले. मापासाठी गिऱ्हाइकाला त्यावरच उभं करत. टाचणी पायाशी बसली. तोंडात टाचण्या. बाई मशीनमागे बसून काज करत असल्याचं नाटक करू लागल्या.

"काय गं, ऐकतोय ते खरं का?" घेरसाहेबांनी सुरुवात केली. "वकील व्हायचंय?"

टाचणीनं मान हलवली.

"बोल की! हे बघ, इथेच पहिली अडचण. आवाज. कोर्टात पंखा असतो, गर्दी असते, न्यायाधीशांचा एकच कान उघडा असतो. तिथे तुझा हा आवाज टेबलावरून खाली पडेल आणि सापडणार नाही. खरं ना?"

टाचणीनं पुढची टाचणी लावली.

"दुसरं. पहिली चार-पाच वर्षं मोठ्या वकिलाची पिशवी उचलायची. मोठ्या वकिलाच्या पिशवीत काय असतं? डबा. म्हणजे डबाच उचलायचा. तिसरं. तुला खटला देणार कोण? लोक वकील बघताना घराणं बघतात. तुझी ओळख काय? गल्लीतल्या गाऊनवाल्या बाईंची मुलगी. अशील म्हणेल, हिला खटला देऊ की बाही आखूड करायला देऊ?"

ते रंगात आले. हात पसरलेले होतेच. आता ते हलूही लागले. बाई सुरुवातीला मनात हो हो म्हणत होत्या. बाही आखूडला त्यांचा हात थांबला. असं बोला म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, हे त्यांना आठवत होतं, तरी सुई बोटात घुसली.

"आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं," घेरसाहेब म्हणाले आणि भिंतीवरच्या शेवटच्या खिळ्याकडे बोट केलं. "पुरावा समोर लटकतोय. बापानं अर्ध्यावर सोडलं. अर्धवटपणा रक्तातच असतो, पोरी. मी इतकी वर्षं माणसं बघतोय—"

"साहेब!"

बाई उभ्या राहिल्या. त्या फटीत बाई उभ्या राहिल्या की प्रकाश कमी होई.

"त्यांना अर्धवट म्हणायचा हक्क माझा आहे. लग्न मी केलंय, तुम्ही नाही."

"अहो बाई, मी फक्त—"

"थांबा. माझं होऊ द्या. आवाज म्हणालात. आवाजानं खटले जिंकता आले असते तर मंडईतले भाजीवाले न्यायाधीश झाले असते. पिशवी म्हणालात. तुम्ही कुणाची उचलली नाहीत? तुमच्या गुरूंची छत्रीसुद्धा इथे दुरुस्तीला आणायचात, आणि मी छत्र्या करत नाही म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"ते जाऊ द्या—"

"नाही जाऊ देणार. घराणं म्हणालात. तुमचा पहिला गाऊन कुणी शिवला? याच खोक्यावर उभे होतात. पहिला खटला म्हणून गुडघे असे लटलटत होते की मला खडूनं सरळ रेघ मारता येईना. ती दुमड वाकडी आली. अजून तुम्ही सगळ्यांना सांगता, माझा पहिला गाऊन तिरका होता, लकी होता. लकी कसला, भित्रा होता! तेव्हा मी म्हणाले का, हा पोरगा काय वकील होणार? आणि माझ्या पोरीला म्हणता होणार नाही? रोज कोर्टातली अर्धी अक्कल या खोक्यावर उभी राहून तिच्या डोक्यावर सांडते. ती तोंड मिटून ऐकते. तुमच्यातल्या कुणाला तोंड मिटता येतं, एक नाव सांगा!"

झेरॉक्सवाल्यानं यंत्र बंद केलं. घेरसाहेबांनी हळूहळू दोन्ही हात खाली घेतले, आणि त्या उंचीवरून अतिशय सौम्यपणे, जिंकलेला खटला हरवून बसलेल्या अशिलाकडे बघावं तसं बाईंकडे बघून म्हणाले, "बाई, पण विरोधात बोला असं मला तुम्हीच सांगितलं होतंत."

खालून टाचणीनं वर बघितलं. मग तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. तिला कसलीच घाई नव्हती. इतक्या शांतपणे कुणी काही केलं की बाईंना धडकी भरायची.

"आई, तू सांगितलंस?"

बाईंनी आयुष्यात अनेकांना हात वर करायला लावले होते. आता त्यांना आपले कुठे ठेवावेत कळेना.

"सांगितलं असेल."

"सांगितलं असेल की सांगितलं?"

"सांगितलं! झालं समाधान?"

"मग आत्ता जे बोललीस ते काय होतं?"

"ते... ते यांनी तुझ्या बाबांना नाव ठेवलं म्हणून."

"फक्त बाबांवर बोललीस होय? आवाज, पिशवी, घराणं, सगळ्याला उत्तरं दिलीस. ती बाबांची बाजू होती?"

घेरसाहेबांनी खोक्यावरून मान खाली वाकवली. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. व्यावसायिक.

"तुला भीती कशाची वाटते?" टाचणीनं विचारलं. आवाज नेहमीचाच, टेबलावरून खाली पडेल असा. पण त्या फटीत पडायला जागाच नव्हती, त्यामुळे सगळा ऐकू आला. "मी नापास होईन त्याची?"

"हो."

"की मधेच सोडून बाबांसारखी करत बसेन त्याची?"

"त्याची जास्त."

"आणि पास झाले तर?"

बाई म्हणाल्या, "मग तर जीवच जाईल माझा. रोज तू तिथे आत, आणि मी इथे बाहेर. कुणी तुला ओरडलं तर मला ऐकूही यायचं नाही."

टाचणी हसली. "तुला ऐकू येईल. तू फाटकात येऊन उभी राहशील."

"मी नाही येणार. माझी कामं आहेत."

"आई, मला का जायचंय ते विचारलंच नाहीस तू. मागे एकदा ते जाड चष्म्याचे साहेब मापाला होते. हसत सांगत होते, अशील बाईला काही कळत नाही, काय लिहिलंय विचारत होती, म्हटलं सही कर आणि घरी जा. तुला आठवतंय? तू पण हसलीस. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मला त्या बाईच्या शेजारी उभं राहायचंय. तोंडात काही न धरता."

बाईंनी मशीनवरचं कापड उचललं, उलटं केलं आणि परत तिथेच ठेवलं. घेरसाहेबांनी घसा साफ केला. त्यांना एवढ्यात घड्याळ दिसलं.

"अरे देवा! पुकारा होईल माझा! ते बरंय सगळं, आपण नंतर बोलू," असं म्हणून ते त्यांच्या खास पद्धतीनं गर्रकन वळले आणि खोक्यावरून उतरले.

गाऊन एक क्षण उशिरा वळला नाही. तो वळलाच नाही. टर्र असा लांबलचक आवाज झाला, आणि घेरसाहेब एक पाय हवेत धरून "आई आई आई" करत आरशावर आदळले.

बघतात तर गाऊनची दुमड त्यांच्या पँटला चहूबाजूंनी टाचून बसवलेली. भाषण ऐकता ऐकता टाचणीच्या टाचण्या एका थराऐवजी दोन थरांतून गेल्या होत्या. इतक्या वर्षांत तिच्या हातून अशी चूक झाली नव्हती. ती चूक होती की युक्तिवाद, हे बाईंना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

"सॉरी साहेब," टाचणी त्यांच्या पोटरीतली टाचणी काढत म्हणाली.

"सॉरी काय! फाटला की गाऊन! गुडघ्यापर्यंत!" घेरसाहेबांचे गुडघे पुन्हा लटपटू लागले, अगदी पहिल्या खटल्यासारखे. "बाई, गाऊन नसेल तर उभं करत नाहीत तिथे. काहीतरी द्या. कुणाचाही द्या."

दुकानात गाऊन पुष्कळ होते. एकाला बाह्या नव्हत्या, एकाची पाठ टेबलावर होती, एकाची एक बाही बाईंच्या कृपेनं बंद होऊन उसवली होती, ती अजून तशीच होती. अंगात घालण्यासारखा एकच होता. तिघांनीही त्याच्याकडे बघितलं.

मग बाई टेबलावर चढल्या. हलत नसत त्या बाई. त्यांनी शेवटच्या खिळ्यावरून गाऊन काढला, दोनदा झटकला आणि घेरसाहेबांच्या खांद्यांवर टाकला. डांबरगोळ्यांचा वास गल्लीभर सुटला.

"घेर कमी आहे," घेरसाहेब आरशात बघत कुरकुरले.

"आज नुसतं बोला," बाई म्हणाल्या. "गाऊनला कामाला लावू नका. नवीन आहे तो."

ते लंगडत फाटकाकडे धावले, आणि नेमके त्याच वेळी अर्धे वकील डबा घेऊन गल्लीत शिरले. समोरून आपल्याला ओलांडून काय गेलं ते त्यांना आधी कळलं नाही. मग खांद्याची ती शिवण त्यांनी ओळखली. तीनदा माप घेतलेली.

"अगं, तो माझा—"

"हो. तुमचाच. पोचला एकदाचा कोर्टात."

अर्ध्या वकिलांनी डबा स्टुलावर ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि गाऊनच्या मागोमाग चालू लागले. फाटकाशी थांबले. आत गेले नाहीत. बराच वेळ तिथे टाचा उंच करून उभे होते. परत आले तेव्हा स्टुलावर बसून डबा उघडला आणि पहिला घास घेतल्यावर म्हणाले, "डाव्या खांद्याला जरा पडतोय."

"त्यांचा खांदा तुमच्यासारखा नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डब्याशेजारी पाण्याचा पेला ठेवला. एरवी तो त्यांना मागावा लागे.

अर्धे वकील जेवले, हात धुतले, आणि त्या दिवशी एकदाही "मी वकील झालो असतो तर" म्हणाले नाहीत. बाईंना ते इतकं अपरिचित वाटलं की त्यांनी दोनदा विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

घेरसाहेबांनी गाऊन परत केला नाही. आज देतो, उद्या पाठवतो. वकिलाच्या हातात गेलेली वस्तू सरळ परत येत नाही हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी फार तगादा लावला नाही. त्या खटल्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. गाऊन पहिल्याच दिवशी हरला असता तर त्यांना ऐकवलं नसतं.

शनिवारी सकाळी टाचणी कॉलेजात हो म्हणायला निघाली. केस घट्ट बांधलेले, तोंड रिकामं. बाई मशीनवर होत्या. वर बघितलं नाही.

"जाऊ?"

"मी नाही म्हटलं तर राहणार आहेस का?"

"राहीन," टाचणी म्हणाली. "पण मग रोज विचारीन, का नाही म्हणालीस."

बाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. घरात रोज विचारणारी एक, आणि सुस्कारे टाकणारे एक. हिशेब त्यांच्या बाजूचा नव्हता. त्यांनी मान मागे वळवून भिंतीकडे बघितलं. ज्या जागी गाऊन होता तिथे रंग जरा उजळ राहिला होता, खांद्यांच्या आकाराचा.

"तो खिळा आता रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "तुझा गाऊन मला तिथे लटकलेला दिसला ना, तर त्याची बटणांसकट पुसणी करीन. कळलं?"

"माप कधी घेशील?"

"पास झाल्याचा कागद आण, मग हात वर कर. नियम म्हणजे नियम."

"घरच्यांनापण?"

"घरच्यांना आधी. एका घरच्याला सूट दिली होती. पंचवीस वर्षं इस्त्री करतेय."

"मला ऐकू येतंय," बाहेरच्या स्टुलावरून आवाज आला. शनिवारी विमा कंपनीला सुट्टी असे.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. आणि बसलात काय? जा तिच्याबरोबर. रस्त्यात त्या करारांबिरारांबद्दल काय सांगायचं ते सांगा. कॉलेजच्या दारापर्यंतच. आत जाऊ नका, तिथे तुम्हाला ताप येतो."

अर्धे वकील उठून मुलीच्या बाजूनं चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी दोघं वळणार, एवढ्यात बाई दुकानाबाहेर आल्या. खरं तर कापड उन्हात बघायला आल्या होत्या. हातात कापड नव्हतं.

"ए टाचणे!" त्या ओरडल्या. "येताना काळा दोरा आण! आणि या वेळी खरंच आण!"